निळं कव्हर

विमानतळाच्या पट्ट्यावर निळ्या कव्हरातली बॅग आली आणि कुसुमताईंचा हात पोचायच्या आत एका उंच गोऱ्या गृहस्थानं ती उचलली. त्याचंही कव्हर म्हणे असंच होतं. प्रागमध्ये पाऊल टाकलं नाही, तोच ही पंचाईत!

अधिकारी बाईंनी कव्हर उतरवलं. जुन्या बॅगेवर पांढऱ्या ऑइलपेंटची ठसठशीत मराठी अक्षरं. गृहस्थानं हात काढून घेतला.

प्रत्येक प्रवासाआधी यजमान अंगणात वर्तमानपत्र पसरून बॅगांवर नावं रंगवत बसायचे. "चारचौघांत शोभा होते," म्हणून त्या करवादायच्या. ते गेल्यावर ती अक्षरं बघवेनात, म्हणून तर हे कव्हर आणलेलं.

"आई, पासपोर्टवरच्या नावाशी ताडून बघायचंय त्यांना. वाचून दाखव," लेक म्हणाली.

कुसुमताईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "सौ. कुसुम यशवंत बिडकर, मिरज."

ते गेल्यापासून त्यांच्या नावामागे 'सौ.' कुणी लावलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

लेक कव्हर परत चढवू लागली.

"राहू दे गं उघडीच," त्या म्हणाल्या. "ह्यांनी एवढं मन लावून रंगवलंय."