तारांची चुगली

रेल्वेशाळेतल्या नकली इंजिनात परीक्षेची खोटी आग लागली तेव्हा बालझान डगमगली नाही. तरीही छातीला चिकटवलेल्या तारांनी चुगली केलीच. "आगीत ठोके बहात्तर, विझल्यावर एकशे तीस? बाई, घाबरायचं ते आगीला!" शिक्षक साकेन वैतागला. "अशानं गाडी हातात कशी देऊ?" तिची शिफारस करणारे निवृत्त ड्रायव्हर ओराझबाय आजोबा आग विझताच आत आले होते, आणि वडीलधारं माणूस उभं असताना ती बसून राहिली होती. हे कळायला यंत्राला कझाक आई हवी! तिनं कसंबसं सांगितलं. साकेन हसला. "बरं, शेवटची संधी. आजोबा, तुम्ही बाहेर थांबा." "थांबतो की. पोरी, लाज राख माझी!" परीक्षा पुन्हा सुरू झाली. आग लागायच्या आधीच ठोके एकशे चाळीसवर गेले. दाराच्या काचेपलीकडे आजोबांची टोपी दिसत होती. बाहेर कुणी खुर्चीच ठेवली नव्हती.