सातव्या मजल्यावरची तक्रार

"टीप परत पायजे," हिंदुराव रणनवरे खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "आन् त्या पोराची तक्रार बी लिवून घ्या."

भार्गवीने संगणकावरची नजर काढली नाही. सात रस्ता चौकाजवळच्या तिच्या ट्रॅव्हल ऑफिसात हा माणूस आज तिसऱ्यांदा आला होता. नातेपुत्याचा भुसार व्यापारी. तिच्याकडूनच बुकिंग करून बायकोसोबत मुंबईच्या क्रूझवर तीन रात्री राहून आला होता. बुकिंगच्या वेळीही त्याने डोकं खाल्लं होतं. हेच जहाज पाहिजे, हीच तारीख पाहिजे, खोली सातव्या मजल्यावरचीच पाहिजे. आयुष्यात समुद्र न पाहिलेल्या माणसाचे हे नखरे!

"काका, दोनदा सांगितलंय तुम्हाला. जहाजावर माणशी रोजची ठरलेली टीप बिलात आपोआप लागते. कागदावर लिहिलं होतं, तुम्ही सही केलीत."

"केली की. आता काडून पायजे."

"निघते. पण सेवा वाईट होती असं लिहून द्यावं लागतं. आणि कुणाची, तेही सांगावं लागतं."

"त्येच तर म्हंतोय. खोली झाडनारा. छातीवर नुसतं 'शिव' लिवल्यालं."

भार्गवीने दोन वर्षं पुण्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहून काढली होती. गिऱ्हाइकाच्या एका तक्रारीने काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या मैत्रिणीची नोकरी एका थंड चहावरून गेली होती.

"काय केलं त्याने?"

"ताप हुता त्याला. खोकत खोकत चादर बदलायचा. हात थरथरत हुते. चवदा चवदा तास राबवत्यात म्हनं. असला आजारी मानूस खोलीत पाटवायचा व्हय?"

"म्हणजे अंगात ताप असून तो तुमची चादर बदलत होता, आणि तुम्ही तक्रार त्याचीच करणार?"

"लिवा."

"काका, त्यांना पगार म्हणून चिल्लर मिळते. घर चालतं ते या टिपवर."

"मग कंपनी काय देती?" हिंदुरावांनी टेबलावर हात आपटला. "राबनार ह्यो, पगार देनार आमी, आन् मालक कोन, तर ती! लई भारी धंदा हाय!"

भार्गवी आणखी भडकली.

"या तक्रारीवर त्याला पुढच्या बंदरात उतरवतील. थेट घरी! चालेल तुम्हाला?"

"तिकिटाचा खर्च कुनाचा?"

काय निर्लज्ज माणूस आहे, भार्गवीच्या मनात आलं. "कंपनीने काढलं तर कंपनीचा. तो स्वतः सोडून आला तर त्याचा, आणि वर भरती करणाऱ्या एजन्सीला त्यानेच पाच लाख दंड भरायचा. आमच्या वरच्या मजल्यावरच आहे तसली एक. रोज जिन्यात ऐकते मी."

हिंदुरावांनी दाराकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मग काडू द्या की कंपनीला. लिवा ताई, हात जोडतो."

चार-पाच हजारांसाठी हा माणूस हात जोडत होता. भार्गवीने ओठ आवळून तक्रार लिहिली. त्यांनी सावकाश सही केली आणि ते गेले.

ते गेल्या गेल्या तिने शकुंतलाबाईंना फोन लावला. निवृत्त मुख्याध्यापिका, त्याच सहलीला होत्या, खोलीही शेजारचीच.

"अगं, इतका गुणी मुलगा!" शकुंतलाबाई म्हणाल्या. "अंगात ताप, तरी हसून बोलायचा. त्या रणनवऱ्यांनी एकदा त्याला खोलीत घेऊन दार लावलं. चांगलंच सुनावलं असणार. बाहेर आला तेव्हा डोळे लाल झाले होते गं पोराचे."

भार्गवीला राहवलं नाही. गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे. तिने तक्रारीसोबत कंपनीला स्वतःचं पत्र जोडलं. ही तक्रार खोटी आहे. हे गृहस्थ केवळ टीप वाचवण्यासाठी एका प्रामाणिक कामगाराला बदनाम करत आहेत. अधिकृत एजंट म्हणून मी या मुलाची हमी घेते. शकुंतलाबाईंचं पत्रही तिने मागवून घेतलं, आणि मगच सगळं पाठवलं. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःचा अभिमान वाटला.

पुढचे आठ दिवस हिंदुरावांचा रोज फोन. "कंपनीचं काय आलं का?" मागून बायकोचा आवाज यायचा, "काय म्हनत्यात?" भार्गवी गोड आवाजात सांगायची, "येईल, काका."

नवव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या दोन ओळी वाचूनच तिने फोन उचलला आणि त्यांना बोलावून घेतलं. हे तोंडावर वाचून दाखवायची मजा तिला सोडायची नव्हती. दुपारी नवरा-बायको दोघंही आले. बायको दाराशीच उभी राहिली.

भार्गवीने पाकीट पुढे सरकवलं. "हे तुमचे टिपचे पैसे. माझ्या खिशातून देतेय."

हिंदुरावांनी पाकिटाला हात लावला नाही. "त्या पोराचं काय झालं?"

"तेच ऐकवते ना!" तिने कागद हातात घेतला आणि मुद्दाम मोठ्याने, एकेक शब्द मराठीत करून सांगायला सुरुवात केली. "आपल्या पत्रामुळे सदर तक्रार रद्द करण्यात येत आहे. आपण दिलेल्या हमीवरून या कर्मचाऱ्याचा करार आम्ही आणखी नऊ महिन्यांनी वाढवत आहोत. करार संपेपर्यंत त्याला जहाज सोडता येणार नाही. कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव, शिवराज हिंदुराव रणनवरे."