वर्षालीची पहिली ड्युटी

"अनुभव?"

वर्षालीने मान खाली घातली. हा प्रश्न ती सातव्यांदा ऐकत होती.

आकुर्डीचा दवाखाना, देहूरोडचं नर्सिंग होम, चिंचवडची चार मोठी हॉस्पिटलं, सगळीकडे तेच. नर्सिंग असिस्टंटचा कोर्स तिने पहिल्या नंबराने पूर्ण केला होता. पण प्रत्येक जण फाइल मिटून म्हणायचा, वर्षभराचा अनुभव घेऊन या. पहिली नोकरी मिळाल्याशिवाय तो यायचा कुठून, हे कुणी सांगत नव्हतं.

तिचे वडील किसन परभणीकडून येऊन महाळुंग्यात एका कंपनीत कंत्राटावर लागले होते. परवाच ते म्हणाले होते, "माय, सोड आता. पॅकिंगला लाग माझ्यासंगं."

चाकण रस्त्यावरच्या या वीस खाटांच्या हॉस्पिटलात मात्र मेट्रन विजयश्री मॅडमनी फाइल परत केली नाही.

"अनुभव नाही, मॅडम," वर्षाली म्हणाली. "पण मी शिकेन."

"शिकशीलच की. आम्ही काय आईच्या पोटातून शिकून आलो होतो?"

वर्षालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि मग कागदांचा गठ्ठा.

"आज एकोणीस तारीख. पण तुला एक तारखेपासून लागलेली दाखवते. तेवढाच अनुभव जास्त दिसेल. पुढे कुठे गेलीस तर कामी येईल. कर सह्या."

मॅडम बोट ठेवतील तिथे वर्षाली सही करत गेली. डोळे भरून आल्याने अक्षरं नीट दिसतही नव्हती.

कामही मॅडमनीच हाताला धरून शिकवलं. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, त्याला न उठवता खालची चादर कशी काढायची, ऑक्सिजनची टाकी संपत आली हे कसं ओळखायचं. चौथ्या दिवशी एका आजीने तिला "सिस्टर" म्हणून हाक मारली. घरी गेल्यावर तिने ते सांगितलं, तर वडिलांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले.

हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बाकावर एक म्हातारे रोज येऊन बसत. एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर वर्षाली त्यांना पाणी घेऊन गेली.

"काका, कोण ॲडमिट आहे तुमचं?"

"आता कोन न्हाई. माझी अंबू व्हती. नऊ तारखंला गेली."

अर्जुनराव काळोखे त्यांचं नाव. बायको दम्याने बेजार होती, म्हणून इथे आणलं होतं. ते औषधं आणायला बाहेर गेले, तेवढ्यात ऑक्सिजनची टाकी संपली.

"बाजूच्या खाटंवरली बाई वरडत व्हती म्हनं. कुनी आलंच न्हाई. त्या वक्ताला डुटी कुनाची व्हती, येवढंच इचारतोय मी. पोलिसात अर्ज द्यायचाय. पर नाव सांगत न्हाईत. रोज म्हनत्यात, उद्या या."

वर्षालीने रिकामा ग्लास बाकावर आपटला. एवढी वणवण करून आपल्याला काम मिळालं, आणि ज्यांना ते आधीपासून होतं त्यांना एक टाकी बदलता आली नाही!

"असली माणसं या कामात नकोतच, काका," ती म्हणाली. "नाव मी काढते."

"तुझी नोकरी जाईल, पोरी."

"जाऊ दे."

तिचा संशय वॉर्डातल्या जुन्या असिस्टंट अंजलीवर होता. अंजली सारखी मोबाइलमध्ये असायची, घंटा वाजली तरी उठायची नाही. त्या दिवसापासून वर्षालीने तिच्याशी बोलणं टाकलं.

शनिवारी मॅडम राउंडला गेल्या आणि ऑफिसचं कपाट उघडंच राहिलं. वर्षालीने दार लोटून घेतलं. ड्युटीच्या कागदांची फाइल तिसऱ्या कप्प्यात सापडली. खिडकीतून तिला अर्जुनराव दिसत होते, बाकावर काठी टेकून बसलेले.

नाव लिहून घ्यायला तिने पेन काढलं आणि नऊ तारखेचा कागद उघडला.

खाट क्रमांक चार. पेशंट अंबूबाई अर्जुन काळोखे. ड्युटीवर नर्सिंग असिस्टंट, वर्षाली किसन ढगे. शेजारी तिचीच सही होती.