ढोलीतली लेकरं

पुंडलिकराव मारेगावच्या घरी अंगणातल्या कडुलिंबाची वाळकी फांदी तोडायला चढले, तसा ढोलीतून पाल्याचा एक गोळा खाली पडला. त्यात झाडउंदराची मादी होती. रातभर फांद्यांवर हिंडून दिवसा झोपणारं ते बोटभर जनावर उन्हात बावरलं, पण पळेना. तिच्या आचळांना पिल्लं लोंबत होती.

"अवं, खराटा आण. लोटून दे बाहेर," पुंडलिकराव वरूनच बायकोला म्हणाले.

कोकिळा उठेपर्यंत दिपाली खोलीतून बाहेर आली. दवाखान्यातून माहेरी आणल्यापासून लेक कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं तो गोळा अलगद ओंजळीत घेतला.

"चावते ते! ठेव खाली," पुंडलिकराव ओरडले.

"बाबा, तिले कायले हाकलता? लेकरं पिऊन राह्यले ना." तिनं ओंजळ वर केली. "होतं तिथंच ठेवा."

पुंडलिकरावांनी गोळा ढोलीत ठेवला आणि ते खाली उतरले. दिपाली झाडाकडे बघत तशीच उभी राहिली. कोकिळानं धावत जाऊन आपला पदर तिच्या अंगावर ओढला. लेकीचा गाऊन छातीवर भिजला होता. बाळाला माती देऊन झाली होती, दूध मात्र अजून येतच होतं.