बिनआगीचा बेत

जनेलने ग्लासच्या काठावर सलामीची, म्हणजे खारवलेल्या मांसाची, पातळ चकती दुमडून बसवली. तिच्यावर अर्धी चढवून दुसरी, मग तिसरी.

“घट्ट दाब,” व्हर्ना म्हणाली. “हात सैल सोडलास की पाकळ्या गळतात.”

ग्लास उपडा केला आणि लाकडी पाटावर सलामीचा लालभडक गुलाब उतरला. जनेल हरखून गेली. कोल्बीशी लग्नाला पाच महिने झालेले, पहिलाच व्हॅलेंटाइन, आणि सासू वीस मैल बर्फातून गाडी हाकत शिकवायला आलेली. टेबलावर ऑलिव्ह होते, काकडीच्या कापांवर क्रीम चीज होतं, क्रॅकर बिस्किटं होती. धूर नाही, वाफ नाही. सुरीसुद्धा प्लॅस्टिकची.

“किती गोड प्रथा आहे तुमच्या घरची!” जनेल म्हणाली. “कोल्बीने सांगितलंय मला. चौदा फेब्रुवारीला बायकांना शेगडीपासून सुट्टी.”

“हं.”

“पण मी जरा लबाडी केलीय. ओव्हनमध्ये पालक-चीजचं डिप ठेवलंय. तेवढं एकच गरम. रागावू नका हं.”

व्हर्नाने ग्लास खाली ठेवला. “बंद कर ते. आत्ताच्या आत्ता. बाहेर बर्फात नेऊन ओत.”

“अहो, वाडगाभर तर आहे!”

व्हर्नाने डावी बाही कोपरापर्यंत वर सारली. आतली कातडी गार दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली होती.

“ही सुट्टी. सणाला कोल्बीचा बाप, रॉय, दुपारपासूनच प्यायला बसायचा. मी मेणबत्त्या लावल्या होत्या, सूप केलं होतं. त्याला ते अळणी लागलं. त्यानंतर या दिवशी मी कधी काही तापवलं नाही. लोक विचारायचे, मी सांगायचे, आमची प्रथा आहे. लोकांना फार आवडायची.”

“कोल्बी तसा नाहीये.”

“मग घरात हीटर चालू असताना गळ्यापर्यंत स्वेटर कशाला चढवलायस, पोरी?”

जनेलचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. व्हर्नाला गळ्यावरचे ते वळ नाताळातच दिसले होते. दिसूनही तिने काय केलं, तर सलामीची पाकिटं घेऊन शिकवायला आली. संताप यावा अशीच गोष्ट आहे. पण बाईला तेवढंच येत होतं.

अंगणात गाडी थांबली.

कोल्बी आत आला तो लाल फुलं आणि बदामाच्या आकाराचा चॉकलेटचा डबा घेऊन. बूट झटकतानाच बिअरचा वास आला. “वा! दोन्ही राण्या एकाच स्वयंपाकघरात!” त्याने आईच्या गालाची पापी घेतली, बायकोच्या घेतली, आणि नाक वर केलं. “आणि हा वास कसला? मॉमच्या राज्यात गरम काहीतरी?”

“थांब, निवू दे ते,” व्हर्ना म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. फडक्याने धरून वाडगा ओट्यावर काढला, क्रॅकर बुडवला आणि अख्खा तोंडात कोंबला. पुढच्याच क्षणी तो जागच्या जागी नाचायला लागला. तोंड वासून, डोळ्यांत पाणी, हाताने वारा घालत. जनेल हसली. नव्या नवरीने हसावं तशी, मोकळी.

“हसतेस?”

“अरे, तू उड्याच अशा मारल्यास!”

“माझ्या आईसमोर मला हसतेस?”

त्याच्या हातून वाडगा जनेलच्या दिशेने सुटला तेव्हा व्हर्ना मध्ये आली होती. खदखदतं चीज तिच्या मानेवर, खांद्यावर चिकटलं. ती ओरडली नाही. ओरडण्याची सवय कधीच मोडली होती. कोल्बी तिला बाजूला सारून पुढे गेला. त्याने जनेलचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड फ्रिजच्या दारावर आपटलं. मग पुन्हा. पांढऱ्या दारावर रक्ताचा ओघळ आला.

“आता हस. हस ना! का थांबलीस?”

तिसऱ्यांदा आपटायला त्याने तिला मागे खेचलं, तेव्हा व्हर्नाने तो लाकडी पाट दोन्ही हातांनी उचलला. गुलाब, ऑलिव्ह, काकडी सगळं उधळलं. पाटाची कड त्याच्या कानशिलावर बसली. तो गुडघ्यांवर कोसळला.

“मॉम?” कान धरून त्याने वर पाहिलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

तिने दुसरा हाणला, पाठीत. तिसरा खांद्यावर. तो रांगत दारापर्यंत गेला तरी ती हाणतच होती. तो पायरीवर पडला, तशी तिने दार लोटून कडी घातली.

बाहेर तो धडपडत उठला. मग दारावर पहिली लाथ बसली.

जनेल फ्रिजला टेकून बसली होती. नाकातलं रक्त हनुवटीवरून स्वेटरवर गळत होतं. “तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तुम्ही मला गुलाब करायला शिकवत होतात.”

“मला वाटलं, काही शिजवलं नाही की भागेल.” व्हर्ना म्हणाली. “माझंही भागलं नव्हतं गं. तरी वाटलं.”

तिने फोन उचलला आणि पोलिसांचा नंबर लावला. पत्ता सांगितला. पलीकडच्या बाईने विचारलं, मारणारा कोण आहे?

“माझा मुलगा.”

“घरात एखादं शस्त्र आहे का, मॅडम?”

दार बिजागरीपासून हादरत होतं. व्हर्नाने मानेवरचं चीज बोटांनी खरवडून काढलं आणि स्वयंपाकघरभर नजर फिरवली.

“आहेत ना,” ती म्हणाली. “इस्त्री. किटली. कमरेचा पट्टा. फ्रिजचं दार. लिहून घेताय ना, बाई?”