मेनचा दांडा

जळगावच्या त्या घरात वीज येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच माजघरातल्या दिव्याचं बटण निकामी झालं. बटण बंद केलं तरी त्याच्या मागच्या तारेत वीज असतेच, हे हिलालला ठाऊक होतं. म्हणून त्यानं ओसरीवरच्या मेनचा दांडा खाली ओढला, बायकोला, मंजुळाला, तिथं राखणीला उभं केलं आणि आत जाऊन उघड्या तारा हातात घेतल्या.

तेवढ्यात तिचे सासरे, आबा, बाहेरून आले. "दिवेलागणीले घरात अंधार?" म्हणत त्यांनी दांडा वर करायला हात घातला.

लग्न झाल्यापासून मंजुळा आबांसमोर एक शब्दही बोलली नव्हती. तिनं बांगड्या वाजवल्या, पदराआडून जोरजोरात मान हलवली. आबांनी पाहिलंच नाही. सुनेकडं पाहायची रीतच नव्हती. त्यांची बोटं दांड्यावर आवळली, तशी ती जिवाच्या आकांतानं किंचाळली, "हिलाल, तार सोड!"

आबांचा हात जागीच थिजला.

हिलाल धावत बाहेर आला. दांडा खाली, आबांचा हात त्यावर. काय होणार होतं ते त्याच्या ध्यानात आलं. तो मंजुळाकडं वळला.



"आबासमोर तू माहं नाव घेतलं?"