हळदीचे डाग

"सुंदरी, लिंबं दप्तरातच ठेव. मी सांगितल्याशिवाय काढू नको," रुमाना म्हणाली. आपला आवाज कापतोय हे सातवीतल्या पोरीला कळू नये, एवढीच तिची धडपड होती.

शाळा सुटून थोडा वेळ झाला होता आणि मनुबाईच्या अंगणात निम्मी गल्ली गोळा झाली होती. मधोमध कपड्यांचा ढीग होता. पोलकी, टॉवेल, लेंगे, उशांचे अभ्रे, आणि सगळ्यांवर लाल डाग. कुणी म्हणत होतं रक्त, कुणी म्हणत होतं कुंकू. भानामती आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत. ती करणारी म्हणून एकटी राहणारी मनुबाई सापडली होती. कपडे जाळायचे आणि म्हातारीला आजच गावाबाहेर घालवायचं, असं ठरूनही गेलं होतं.

म्हातारी उंबऱ्यात अंग चोरून बसली होती. कुणीतरी भिरकावलेला दगड तिच्या पायाशी पडला होता. रुमानाचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या दगडाकडे जात होतं. ती रोज सांगलीहून एसटीनं येणारी विज्ञानाची बाई. या गावात तिचं असं कुणी नव्हतं. दुसरा दगड आपल्याला बसणार नाही, असं कुणी सांगावं?

सगळ्यांत पुढे धनाजी होता. हातात काडेपेटी. रात्रीची झोप नसल्यासारखे डोळे तांबारलेले. बिचारा पार भ्याला होता. बायको माहेरी गेलेली, घरात एकटा गडी, धुणंसुद्धा आपल्याच हातानं धुवायचं, आणि त्यात हे.

"थेरडी परवा माझ्या दारात येऊन बडबडून गेली," तो ओरडला, "आन् सकाळी बघतोय तर वाकळ लाल! आनि काय पुरावा पायजे?"

"आरं लेकरा, मी सोनियाकडं ताक मागाया आल्ते," मनुबाई रडकुंडीला आली. "दार वाजवलं, हाका मारल्या..."

"ती म्हायेरला गेलीया शिराळ्याला! किती येळा सांगू?"

गर्दी पुढे सरकली. धनाजीनं काडी ओढली. वाऱ्यानं ती विझली आणि रुमाना ढिगापुढे जाऊन उभी राहिली. आता मागे फिरायची सोय नव्हती.

"हा करणीचा प्रकार नाही. पाच मिनिटं द्या, दाखवते."

"बाई, तुमी शाळा शिकवा. ह्यात पडू नका."

"मग मी पोलिसांना बोलावते," ती म्हणाली. "एखाद्या बाईला असं हाकलणं गुन्हा आहे."

पोलिसांचं नाव निघताच धनाजी नरमला. कोर्टकचेरीला कोण भीत नाही? "बरं," तो पुटपुटला, "करा तुमचं सायन्स. पन जाळायचं म्हंजे जाळायचं."

रुमानानं खूण केली. सुंदरीनं दप्तरातून वडिलांच्या मळ्यातली लिंबं काढली. हाच प्रयोग सकाळी वर्गात झाला होता. पोरीनं ढिगातला एक टॉवेल उचलला, लाल डागावर लिंबू पिळलं, चोळलं. डाग बघता बघता पिवळा झाला. मग तिनं त्यावर दप्तरातल्या बाटलीतलं साबणाचं पाणी टाकलं आणि तो पुन्हा लाल झाला.

बायका मागे सरकल्या, मग पुढे आल्या.

"गावात हळदीचं पॉलिश चाललंय, वाळलेली हळकुंडं घासतायत," रुमाना सांगू लागली. "ती धूळ उडते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते. साबण लागला की हळद लाल होते. नळाला पाणी कमी, त्यामुळे साबण निघत नाही आणि लाली तशीच राहते. लिंबानं ती जाते."

"माझ्या झंपरला लाव गं," एक बाई म्हणाली. झंपरवरचा डाग पिवळा झाला. मग लेंग्यावरचा. मग अभ्र्यावरचा. कुणीतरी खुदकन हसलं, आणि त्या एका हसण्यानं सगळ्यांची भीती उतरली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. जो तो आपापलं धुणं ओढून घेऊन खाली मान घालून घरी निघाला. दगड टाकणारी शेजारीणच मनुबाईला चहाला घेऊन गेली.

"लय उपकार झालं, बाई," जाताना मनुबाई म्हणाली. "आन् धनाजी, सोनिया आली म्हंजे सांग हो मला. अशी न सांगता कवा जात न्हाई ती."

रुमानानं मोठा श्वास घेतला. विज्ञान पुस्तकाबाहेर आलं की केवढं काम करतं! तिला रडू येत होतं आणि हसूही. अंगणात ती, सुंदरी आणि धनाजी एवढेच उरले. ढीगही संपला होता. तळाशी फक्त धनाजीची वाकळ होती, घडी घालून दाबून ठेवलेली. तो ती उचलायला वाकला.

"थांबा दादा, तुमचीही करून देऊ."

"ऱ्हाऊ द्या. पटलं मला. ती जाळायचीच हाय, जुनी झालीया."

"एवढी चांगली गोधडी कशाला जाळता? अजून घाबरताय होय?" रुमाना हसली. "सुंदरी, लाव गं."

सुंदरीनं वाकळ उलगडली. डाग मोठा होता. तिनं लिंबू पिळलं, चोळलं, थांबली. दुसरं पिळलं. आणखी जोरात चोळलं.

 धनाजीनं जाऊन अंगणाचं फाटक तेवढं लावून घेतलं.

"बाई," सुंदरी म्हणाली, "ह्यो काय पिवळा हुईना."